नडगीचे उघडे अस्थिभंग : स्थिरीकरणाचे पर्याय आणि रुग्णालयाची व्यवस्था

आपल्या संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांसोबत एखादा वैद्यकीय विषय सर्वसामान्य वाचकास समजेल अशा भाषेत मांडण्याची प्रथा आहे. हे लेखन बहुधा आपले मानद तज्ज्ञ करतात. या वर्षी ते आमच्याकडे आले, त्यास एक निमित्त घडले. अस्थिरोग विभागासाठी साहित्य घेताना खरेदी समितीच्या बैठकीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघाला. गुडघ्याखाली पाय मोडून हाड त्वचेबाहेर आलेल्या रुग्णास बाहेरून चौकट बसवणे योग्य, आतून सळई घालणे योग्य, की प्लेट आणि स्क्रू योग्य? आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. दोन वस्तूंची दरपत्रके शेजारी ठेवून तुलना करणे हा आमचा नित्याचा उद्योग. आम्ही विभागप्रमुखांस सरळ विचारले, "डॉक्टर, यांतले चांगले कोणते?" त्यांनी उत्तर न देता उलट विचारले, "हाड झाकायला कातडी शिल्लक आहे का, ते आधी सांगा."

त्या प्रतिप्रश्नाचा अर्थ समजण्यास आम्हांस बरेच महिने लागले. जे समजले ते विश्वस्त, देणगीदार व हितचिंतकांसमोर ठेवत आहोत. मजकूर अस्थिरोग विभागाने वाचून दुरुस्त केला आहे. तरीही चूक राहिली असल्यास ती आमची समजावी.

प्रथम पायाच्या रचनेविषयी. वाचकांनी गुडघ्याखाली पायाच्या पुढच्या, आतल्या बाजूवर बोट फिरवून पाहावे. तेथे कातडीखाली थेट हाड लागते. मांडीच्या हाडाभोवती मांसाचे जाड आवरण असते, नडगीच्या हाडाच्या या बाजूस ते मुळीच नाही. त्यामुळे वाहनाचा जोराचा आघात झाला की हाड कातडी फाडून बाहेर येते. शिवाय हाडास बाहेरून होणारा रक्तपुरवठा भोवतालच्या स्नायूंतूनच येतो. स्नायू चिरडले गेले, कातडी सोलली गेली, की हाडाचे तुकडे केवळ मोडत नाहीत तर उपाशी पडतात. रस्त्यावरची माती, शेण, डांबर, पँटचे धागे जखमेत जातात ते वेगळेच. जंतुसंसर्ग हाडात शिरला तर तो वर्षानुवर्षे ठाण मांडतो. म्हणून उघडा अस्थिभंग म्हणजे "हाड मोडले आणि वर थोडे खरचटले" असे नसून मुख्यतः मांस व कातडीची इजा आहे आणि तिच्या आत एक हाडही मोडलेले आहे, असे आमच्या विभागप्रमुखांचे म्हणणे असते.

या इजांची जगभर वापरली जाणारी प्रतवारी गुस्टिलो व अँडरसन या दोन शल्यचिकित्सकांनी अमेरिकेतील मिनीआपोलिस येथे एक हजाराहून अधिक उघडे अस्थिभंग अभ्यासून १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. पहिल्या प्रतीत जखम एक सेंटिमीटरहून लहान व स्वच्छ. दुसरीत ती त्याहून मोठी, पण मांसाची हानी बेताची. तिसरी प्रत तीव्र आघाताची. १९८४ मध्ये या तिसऱ्या प्रतीचे तीन भाग करण्यात आले : 'ए'मध्ये हाड झाकण्याइतके मांस-कातडे शिल्लक असते, 'बी'मध्ये नसते आणि दुसरीकडून आणावे लागते, 'सी'मध्ये पाय वाचवण्यासाठी मुख्य रक्तवाहिनीच सांधावी लागते. आमच्या नोंदवहीत "तीन-बी" असे लाल शाईत लिहिलेले दिसले की त्या रुग्णाची फाईल जाड होणार हे आता आम्हांसही कळते.

या प्रतवारीस एक भारतीय जोड आहे व तिचा उल्लेख केलाच पाहिजे. 'तीन-बी'मध्ये किरकोळ आणि भयंकर अशा दोन्ही इजा एकाच नावाखाली येतात, ही अडचण कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमधील डॉ. राजशेखरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखली. त्यांनी कातडी, हाड आणि स्नायू-कंडरा-नस या तिन्हींस प्रत्येकी एक ते पाच असे गुण देण्याची पद्धत तयार केली. मधुमेह, फार उशिरा झालेले आगमन, खालावलेला रक्तदाब अशा प्रत्येक प्रतिकूल बाबीचे दोन गुण वेगळे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीनुसार बेरीज चौदा किंवा कमी असेल तर पाय वाचवण्याचा प्रयत्न करावा, सतरा किंवा अधिक असेल तर पाय काढण्याचा विचार करावा, आणि पंधरा-सोळा आले तर अनुभवी शल्यचिकित्सकाने रुग्ण व नातेवाईक यांच्याशी बोलून ठरवावे. बेरजेवर चालणारी पद्धत म्हणून ती आम्हांस जवळची वाटली हे खरे. पण तिचा मोठा गुण असा की तिच्यात कातडीस हाडाइतकेच वजन दिलेले आहे.

येथे आमच्याच रुग्णालयातील एक हकिगत सांगणे भाग आहे. ती आमच्या खात्यास भूषणावह नाही.

ऊसतोडीच्या हंगामात एका शुक्रवारी रात्री एक तरुण दाखल झाला. तो दूध संकलन केंद्रावर काम करणारा होता. दुचाकीवरून घरी परतताना उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीवर तो आदळला. ट्रॉलीस दिवा नव्हता, तांबडी पट्टीही नव्हती. गावकऱ्यांनी त्यास टेम्पोत घालून आणले. केसपेपरवर आगमनाची वेळ अकरा वाजताची आहे. कर्तव्यावरील डॉक्टरांनी पाच मिनिटांत तपासून प्रतिजैविकाचे इंजेक्शन लिहून दिले. प्रत्यक्षात ते इंजेक्शन दोन वाजून दहा मिनिटांनी दिले गेले. मधल्या तीन तासांत काय झाले? आमच्या औषध विभागात रात्री अनामत रकमेची पावती दाखवल्याशिवाय महागडी औषधे देऊ नयेत असा नियम होता. नियम आमच्याच सहीचा. रुग्णाची आई दोन वाजता पोहोचली, तिने पदरच्या गाठीतले पैसे भरले, आणि मग औषध निघाले.

हे तीन तास किती मोलाचे होते ते आम्ही नंतर वाचले. अमेरिकेत पॅत्झाकिस व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उघड्या अस्थिभंगाच्या ज्या रुग्णांस प्रतिजैविक दिले नव्हते त्यांच्यात संसर्गाचे प्रमाण १३.९ टक्के होते. सेफॅलोस्पोरिन गटातील औषध दिलेल्यांत ते २.३ टक्के. नडगीच्या तिसऱ्या प्रतीच्या अस्थिभंगांवरील २०१५ च्या एका अभ्यासात असे दिसले की अपघातापासून ६६ मिनिटांनंतर मिळालेले प्रतिजैविक आणि पाच दिवसांनंतर झाकलेली जखम या दोन गोष्टींनी संसर्गाचा धोका स्वतंत्रपणे वाढतो. ब्रिटनमधील अस्थिरोग व प्लास्टिक सर्जरी या दोन्ही संघटनांच्या मार्गदर्शक सूचनाही पहिल्या तासात, शक्यतो घटनास्थळीच, प्रतिजैविक द्यावे असे सांगतात. आपल्याकडे २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तथापि टेम्पोतून येणारे रुग्ण अजून संपलेले नाहीत. त्यांचा पहिला तास बहुधा रस्त्यातच सरलेला असतो. दारात आल्यावर आणखी तीन तास घालवण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

पूर्वी "सहा तासांच्या आत जखम धुतलीच पाहिजे" असा दंडक होता. त्याचे मूळ फ्रीड्रिख नावाच्या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९८ मध्ये गिनीपिग प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत आहे हे वाचून आम्हांस मौज वाटली. आता अपरात्री अननुभवी हातांनी घाईने केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी अनुभवी पथकाने केलेली सफाई बरी मानतात. मात्र शेणमातीने माखलेली जखम तत्काळ, आणि तीव्र आघाताची बारा तासांच्या आत हाताळावी असा ब्रिटिश संकेत आहे. ही सफाई म्हणजे केवळ धुणे नव्हे. मेलेली कातडी, काळवंडलेला स्नायू, रक्तपुरवठा तुटलेले हाडाचे सुटे तुकडे निर्दयपणे काढून टाकावे लागतात. धुण्यास साधे सलाईन पुरते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अडीच हजार रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत साबणाचे पाणी वापरलेल्यांत पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ अधिक वेळा आली, आणि पाण्याचा दाब जास्त असो वा कमी, फरक पडला नाही. हा निष्कर्ष वाचून आम्ही उच्च दाबाच्या धुलाई यंत्राचा प्रस्ताव मागे घेतला. सलाईनची बाटली व उंच अडकवण्यास एक खुंटी, एवढ्यावर ते काम भागते.

स्थिरीकरणाचे पर्याय

जखम स्वच्छ झाल्यावर हाड स्थिर करण्याचा प्रश्न येतो. पूर्वी प्लास्टर घालून त्यास खिडकी कापत व खिडकीतून ड्रेसिंग करत. हाड आत हलत राही, मांस घासले जाई, जखम नीट दिसत नसे. स्थिर हाडाभोवती मांसाची सूज लवकर उतरते व संसर्गाशी झुंजण्याची ताकद वाढते, म्हणून तीव्र इजांत आता प्लास्टर हा केवळ वाटेतला आधार आहे.

बाह्य चौकट, म्हणजे एक्स्टर्नल फिक्सेटर, हा रात्री दोन वाजता उपयोगी पडणारा पर्याय. मोडलेल्या जागेच्या वर व खाली हाडात जाड पिना घालून त्या बाहेरच्या दांड्यास क्लॅम्पने पक्क्या करतात. अर्ध्या-पाऊण तासात काम होते, जखमेच्या जागी लोखंड जात नाही, आणि रक्तदाब घसरलेल्या रुग्णास लांबलचक भूल द्यावी लागत नाही. उणीव अशी की पिनांच्या भोकांतून पाणी, मग पू येऊ लागतो. महिनोन्‌महिने ती चौकट ठेवली तर हाड वाकडे जुळण्याचा किंवा न जुळण्याचा संभव असतो. म्हणून आमचे तज्ज्ञ तिला "मुक्कामाचे घर नव्हे, धर्मशाळा" म्हणतात. पिना स्वच्छ असतील तर साधारण दोन आठवड्यांच्या आत ती काढून आत सळई घालता येते. पिनेच्या जागी पू झाला की मात्र तो मार्ग धोक्याचा होतो, कारण तोच पू सळईबरोबर हाडाच्या पूर्ण पोकळीत पसरतो. पिन कोठे घालायची हेही महत्त्वाचे. पुढे प्लास्टिक सर्जनला जेथून मांस फिरवायचे आहे तेथेच पिन रोवली तर त्याचा रस्ता अडतो. हे आमच्या येथे दोनदा झाले आहे.

दुसरा पर्याय आतल्या सळईचा, ज्यास लोक "पायात रॉड टाकला" म्हणतात. ही पद्धत जर्मनीतील कील येथील ग्येर्हार्ड क्युन्शर यांनी १९४० च्या सुमारास पुढे आणली. पुढे सळईच्या दोन्ही टोकांस आडवे स्क्रू घालून हाड फिरू वा आखडू न देणारी 'इंटरलॉकिंग' सळई आली, आणि नडगीच्या मधल्या भागाच्या अस्थिभंगात तीच आज पहिली पसंती ठरली आहे. बाहेर काही दिसत नाही, रुग्ण लवकर उभा राहतो, जखमेवर मांस फिरवण्यास चहूकडून मोकळीक असते. सळई घालण्यापूर्वी हाडाची पोकळी आतून खरवडून रुंद करावी की नाही यावर बराच वाद होता. तेराशेहून अधिक रुग्णांच्या २००८ च्या चाचणीत बंद अस्थिभंगात खरवडण्याचा फायदा दिसला, उघड्यांत दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या.

सळई की चौकट, या आमच्या मूळ प्रश्नाचे सरळ उत्तर देणारी एक चाचणी आम्हांस सापडली, तीही आपल्यासारख्याच गरीब रुग्णांच्या देशातली. टांझानियातील दार-एस-सलाम येथील मुहिंबिली अस्थिरोग संस्थेत २४० रुग्णांवर ती झाली व २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षअखेर खोल संसर्ग व पुन्हा शस्त्रक्रिया यांबाबत दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही. सळईवाल्यांत हाड वाकडे जुळण्याचे प्रमाण कमी होते आणि आरंभीचे काही आठवडे त्यांचे जगणे अधिक सुसह्य होते. आम्ही आनंदाने हा कागद विभागप्रमुखांपुढे ठेवला. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. या चाचणीत जखमेची कातडी तेथल्या तेथे शिवता येईल असेच रुग्ण घेतले होते. पुन्हा कातडीच.

प्लेटविषयी थोडक्यात सांगतो. नडगीच्या मधल्या भागातील गंभीर उघड्या अस्थिभंगात प्लेट बसवण्यासाठी उरलेसुरले मांस हाडापासून सोडवावे लागते, आणि १९८० च्या दशकातील अनुभव सांगतो की त्यातून हाडाचा संसर्ग चौकटीच्या मानाने पुष्कळ वाढे. गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या सांध्यात शिरलेल्या अस्थिभंगात मात्र सांध्याचा पृष्ठभाग तंतोतंत बसवावा लागतो. तेथे सूज उतरल्यावर प्लेट व स्क्रू लागतात, तोवर सांध्यावरून आडवी चौकट टाकून ठेवतात.

गोल कड्यांच्या चौकटीची कहाणी मनोरंजक आहे. सायबेरियातील कुर्गान या आडगावी गावरिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी ताणलेल्या बारीक तारा व पोलादी कडी यांची चौकट तयार केली, आणि हाड कापून दोन टोके दररोज एक मिलिमीटर, तेही चार टप्प्यांत, दूर सारत नेली की मधल्या पोकळीत नवे हाड तयार होते हे सिद्ध केले. १९६४ च्या ऑलिंपिकमधील उंच उडीचा सुवर्णपदक विजेता व्हॅलेरी ब्रुमेल याचा पाय पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात चिरडला. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर इलिझारोव्ह यांनी त्यास उभे केले आणि तो पुन्हा उडी मारू लागला. पश्चिम युरोपास मात्र १९८१ मध्ये, इटलीचे गिर्यारोहक कार्लो माउरी कुर्गानहून बरे होऊन परतल्यानंतर, या पद्धतीचा खरा परिचय झाला. हाडाचा तुकडा गमावलेल्या व संसर्ग झालेल्या पायास या पद्धतीस तोड नाही. परंतु सरसकट सर्वांस ती बसवावी असेही नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गंभीर उघड्या अस्थिभंगास आरंभीच कड्यांची चौकट लावलेल्यांत मोठ्या गुंतागुंती आतून स्थिर केलेल्यांपेक्षा अधिक निघाल्या, आणि संसर्ग काही कमी झाला नाही. हाडाची पोकळी भरण्याचा दुसरा मार्ग फ्रान्समधील मास्केले यांचा. पोकळीत प्रथम सिमेंटचा गोळा ठेवतात, सहा ते आठ आठवड्यांत त्याभोवती पडदा तयार होतो, मग गोळा काढून त्या पडद्याच्या पिशवीत कमरेच्या हाडाचा चुरा भरतात.

गुरुवारची वाट

आता पुन्हा त्या तरुणाकडे. पहाटे जखम साफ करून त्यास बाह्य चौकट बसवली, हे योग्यच झाले. नडगीच्या मधल्या भागावरील तळहाताएवढी कातडी गेली होती व हाड उघडे होते. अशा ठिकाणी काय करावे हे शास्त्रात स्पष्ट आहे. वरच्या तिसऱ्या भागात पोटरीचा वरचा मोठा स्नायू फिरवून आणता येतो, मधल्या भागात त्याखालचा 'सोलियस' स्नायू. घोट्याजवळ जवळपास मांस नसल्याने बहुधा पाठ किंवा मांडी येथून मांसाचा तुकडा रक्तवाहिनीसह आणून सूक्ष्मदर्शकाखाली जोडावा लागतो. इंग्लंडमधील लीड्स येथील शल्यचिकित्सकांनी २००० मध्ये ८४ रुग्णांचा अनुभव मांडला. हाड आतून पक्के करणे व लगोलग सजीव मांसाने झाकणे सुरक्षित आहे, आणि बहुतेक अडचणी ७२ तासांपलीकडे गेलेल्या जखमांत आल्या, असे त्यांनी नमूद केले. ब्रिटिश सूचनांत हीच ७२ तासांची मर्यादा आहे, आणि आत कायमचे लोखंड बसवायचे तर त्याच वेळी जखम झाकली जावी अशी अट आहे.

आमचे मानद प्लास्टिक सर्जन शहरातून आठवड्यातून एकदा, गुरुवारी येत. अपघात शुक्रवारचा. त्यांस मध्येच बोलावण्याची तरतूद अंदाजपत्रकात नव्हती, आणि कोणी आम्हांस विचारलेही नाही, कारण "कार्यालय नाही म्हणेल" हे सर्वांनी गृहीत धरले होते. गुरुवारी त्यांनी जखम पाहिली, शस्त्रक्रियागृहाची वेळ शनिवारची मिळाली, आणि मांस फिरवले गेले ते नवव्या दिवशी नव्हे काय, असे आम्ही विचारले तेव्हा परिचारिकेने दाखवले की तोवर जखमेतून पू सुरू झाल्याने तेही पुढे ढकलले गेले. पिनांभोवतीही पू होता. म्हणजे सळईचा मार्ग बंद. पुढे मेलेले हाड काढावे लागले, चार सेंटिमीटरची पोकळी राहिली. त्या वेळी त्याच्या आईने आम्हांस जिन्यात गाठले. "साहेब, पाय राहील ना?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या विभागप्रमुखांनीच सांगितले, "मावशी, राहील. पण वर्ष जाईल."

त्या काळात व्हॅक्यूम ड्रेसिंगच्या यंत्राचे एक विक्रेते आमच्याकडे वरचेवर येत. हे यंत्र जखमेतील पाणी ओढून घेते, ड्रेसिंग वारंवार बदलावे लागत नाही, परिचारिकांचा वेळ वाचतो. एक आम्ही घेतलेही. पण त्याने कातडीचे काम होते असे समजू नये. ब्रिटनमधील ४६० रुग्णांच्या २०१८ मधील चाचणीत गंभीर उघड्या अस्थिभंगास हे यंत्र लावले काय आणि साधे ड्रेसिंग केले काय, वर्षअखेरच्या अपंगत्वात फरक पडला नाही.

पाय राखावा की काढावा, हा प्रश्न अशा वेळी निघतोच. एक-दोन हितचिंतकांनी आम्हांस खासगीत म्हटले की वर्षभर खर्च करण्यापेक्षा पाय काढून जयपूर फूट बसवला असता तर कमी पैशांत काम झाले असते. अमेरिकेतील आठ केंद्रांतील ५६९ रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दोन वर्षांनी दोन्ही गटांचे एकंदर स्वास्थ्य सारखेच होते, आणि कामावर परतलेले दोन्हीकडे जेमतेम निम्मे. आयुष्यभराच्या खर्चाचा हिशेब याच अभ्यासावरून २००७ मध्ये मांडला गेला, तेव्हा पाय काढलेल्याचा खर्च सुमारे पाच लाख नऊ हजार डॉलर व पाय राखलेल्याचा सुमारे एक लाख त्रेसष्ट हजार डॉलर निघाला, कारण तेथील कृत्रिम पाय वारंवार व महाग बदलावे लागतात. आपल्याकडे जयपूर फूट स्वस्तात वा विनामूल्य मिळतो, म्हणून तो आकडा जसाच्या तसा येथे लावणे हिशेबास धरून होणार नाही. पण बांधावरून चालणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या माणसास स्वतःच्या पायाची किंमत काय, हे कोणत्याही ताळेबंदात बसत नाही. गंगा हॉस्पिटलच्या गुणांनुसार या तरुणाची बेरीज चौदाच्या आत होती. पाय राखण्याजोगाच होता. त्यास धोका निर्माण झाला तो वेळेमुळे.

निधीच्या दृष्टीने पाहता एक गोष्ट ठळक दिसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार २००६ पासून आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन व दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव आहेत, आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेत रस्ता अपघातग्रस्तास नियुक्त रुग्णालयात दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळतात, पण पहिले सात दिवस. ही मदत मोठी आहे आणि पहिल्या तासातील पावतीचा प्रश्न तिने पुष्कळ हलका होतो. परंतु तीन-बी अस्थिभंगाचे सात दिवस म्हणजे केवळ प्रस्तावना. हाड जुळण्यास सहा महिने ते वर्ष लागते, आणि घरचे पैसे संपतात ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. पिनांचे ड्रेसिंग, क्ष-किरण, गावाहून येण्याचे एसटीचे भाडे यांसाठी रुग्ण येईनासा होतो आणि चौकट तशीच पायावर राहते. तंबाखू व विडीचे व्यसन असल्यास हाड जुळण्यास आणखी विलंब होतो, हे समुपदेशकास प्रत्येक भेटीत सांगावे लागते. ऐकणारे थोडे.

खरेदी समितीने अखेर घेतलेले निर्णय असे. प्रतिजैविक व धनुर्वाताच्या लसीचा साठा आता अपघात विभागाच्या कपाटात असतो. औषध आधी दिले जाते, पावती नंतर फाडली जाते, आणि दिल्याची वेळ परिचारिका केसपेपरवर मिनिटासह लिहिते. तिसऱ्या प्रतीचा अस्थिभंग दाखल झाल्याचा दूरध्वनी अस्थिरोग व प्लास्टिक सर्जरी या दोन्ही तज्ज्ञांस एकाच वेळी जातो. प्लास्टिक सर्जनच्या जादा भेटीचे मानधन व वाहनखर्च निर्धन रुग्णांच्या बाबतीत निधीतून देण्यास विश्वस्तांनी मंजुरी दिली आहे. ज्या रुग्णास आवश्यक सूक्ष्म शस्त्रक्रिया आमच्याकडे होत नाही त्यास जखम साफ करून, चौकट बसवून, दुसऱ्या दिवशीच मोठ्या केंद्राकडे पाठवावे, आठवडाभर ठेवून घेऊ नये, असेही ठरले. सळया, बाह्य चौकटी व कडी हे तिन्ही प्रकार साठ्यात ठेवले आहेत. त्यांच्या दरांत आम्ही घासाघीस केली ती नेहमीप्रमाणे केलीच.

कड्यांच्या चौकटीबाबत एक सूचना देणगीदारांनी ध्यानात घ्यावी. तारा व पिना एका रुग्णावरच वापरून टाकून द्यायच्या असतात. पोलादी कडी, दांडे व नट मात्र तपासून, निर्जंतुक करून पुन्हा वापरता येतात. बरे झालेल्या रुग्णांनी ती परत करावीत अशी विनंती आम्ही करतो व त्यांची नोंद वेगळ्या वहीत ठेवतो. त्या तरुणाच्या पायावर चार कडी होती. आई दर पंधरवड्यास दोन एसटी बदलून त्यास घेऊन येई, आणि दिवसातून चार वेळा नट फिरवण्याचे काम तिनेच शिकून घेतले होते. आठव्या महिन्यात चौकट निघाली. पाय किंचित आखूड आहे, घोटा पूर्ण वाकत नाही, दूध केंद्रावरचे काम त्याने पुन्हा धरले आहे. चारही कडी त्याने परत केली. वहीत त्यांच्यापुढे सध्या दुसऱ्या एका रुग्णाचा केसपेपर क्रमांक लिहिलेला आहे.